कोस कोणाचा, मैल कोणाचा?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आठवीच्या वर्गात शेरशाह सूरी व त्याचा राजमार्ग हा पाठ चालू होता. पाठात ‘कोस’ हा शब्द आला, तेव्हा मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, “सर, कोस म्हणजे किती?” मी फळ्यावरची नजर न हलवता “दोन मैल” असे उत्तर दिले आणि पुढे निघालो. दुसऱ्या दिवशी तोच मुलगा वही घेऊन उभा राहिला. दिल्लीच्या आसपास जे जुने कोस मिनार उभे आहेत, त्यांच्यामध्ये चार किलोमीटरहून थोडे अधिक अंतर असते, असे त्याने कोठेतरी वाचले होते. दोन मैलांचे तर पुरते सव्वातीन किलोमीटरही होत नाहीत. “सर, मग मिनार चुकीच्या जागी बांधले की काय?” वर्ग हसला. मला मात्र हसता आले नाही. मिनार योग्य जागीच होते; चूक माझ्या उत्तरात होती. कोस किती, हे सांगण्यापूर्वी कोणाचा कोस, हे मी विचारायला हवे होते.

त्या मुलाच्या प्रश्नाने मला पुन्हा पुस्तकांकडे वळविले. त्यातून जे हाती लागले, ते आपल्या संस्थेच्या या स्मरणिकेच्या निमित्ताने पालक व विद्यार्थी यांच्यापुढे ठेवीत आहे.

आरोळीपासून मिनारापर्यंत

‘कोस’ हा शब्द संस्कृत ‘क्रोश’ यापासून आला. क्रोश म्हणजे ओरडणे, हाक. आपण ‘आक्रोश’ म्हणतो, तो याच कुळातला. हाक जेथवर ऐकू जाते तेवढे अंतर, असा या मापाचा मूळ अर्थ होय. साहजिकच माणसाचा गळा, वाऱ्याची दिशा आणि मुलखाचा चढउतार यांप्रमाणे कोस लहानमोठा होत असे.

अकबराच्या दरबारातील इतिहासकार अबुल फजल याने ‘आईन-इ-अकबरी’त निरनिराळ्या प्रांतांतील कोसांची नोंद केली आहे. ती वाचताना मोठी मौज वाटते. शेरशाहाने (राज्यकाल १५४० ते १५४५) कोस ६० जरीबांचा ठरविला व प्रत्येक जरीब ६० सिकंदरी गजांचा धरला. म्हणजे ३६०० गजांचा कोस झाला. माळव्यात हाच कोस ९० जरीबांचा होता. गुजरातेत त्याला गाईचा कोस म्हणत. गाईचे हंबरणे जेथपर्यंत ऐकू जाते तेवढे ते अंतर, आणि ते ५० जरीब धरले जाई. बंगालात वेगाने धावणारा मनुष्य एका दमात जेवढे जाईल तो कोस. काहींच्या मते डोक्यावर हिरवे पान ठेवून झपाझप चालणाऱ्याचे ते पान वाळेपर्यंत जे अंतर तोडले जाईल, तो कोस! अकबराने या सर्वांवर आपला ५००० इलाही गजांचा कोस बसविला. इलाही गज पुढे इंग्रज अमदानीत ३३ इंचांचा धरला गेला. त्या हिशेबाने अकबरी कोस सुमारे ४.२ किलोमीटर भरतो. माझ्या विद्यार्थ्याच्या मिनारांचे कोडे येथे उलगडते. ते मिनार ज्या कोसाने उभारले होते, तो माझा दोन मैलांचा कोस नव्हता.

चौदाव्या शतकात मोरोक्कोहून आलेला प्रवासी इब्न बतूता हिंदुस्थानातील डाकेचे वर्णन करताना सांगतो की, पायी डाकेच्या चौक्या एका मैलात तीन असतात आणि या मैलाला येथील लोक ‘कुरूह’ म्हणतात. ‘कुरूह’ म्हणजे आपला क्रोशच. परंतु मोरोक्कोतील वाचक ‘मैल’ हा शब्द वाचताना स्वतःच्या मुलखातील मैल मनात आणणार, हे उघड आहे. शब्द ओळखीचा निघाला की माणूस पुढे चौकशी करीत नाही, आणि नेमका तेथेच फसतो.

फरसख, मैल आणि मजल

अरबी-फारसी ग्रंथांत अंतरासाठी प्रामुख्याने तीन शब्द येतात : मील, फरसख आणि मरहला. यांतील ‘मील’ मूळचा अरबी नव्हे. रोमन लोक सैनिकांच्या हजार दुहेरी पावलांना एक माप मानीत; लॅटिन भाषेतील ‘हजार’ या अर्थाच्या शब्दापासून इंग्रजांचा ‘माईल’ आला आणि अरबांचा ‘मील’ही. एकाच आईची ही दोन लेकरे. पण वाढली निरनिराळी. रोमन मैल सुमारे १.४८ किलोमीटरचा, इंग्रजी मैल १५९३ च्या कायद्याने ५२८० फुटांचा म्हणजे सुमारे १.६१ किलोमीटरचा, तर ४००० हातांचा अरबी मैल दोन किलोमीटरच्या जवळपास जाणारा. ‘हात’ कोणता धरायचा यावर तोही थोडा कमीजास्त होतो. ‘फरसख’ हा इराणी शब्द आहे. प्राचीन ग्रीक लेखक त्याला ‘परसंग’ म्हणत. तीन मैलांचा एक फरसख, म्हणजे साधारण तासाभराची चाल. ‘मरहला’ म्हणजे दिवसभराचा पल्ला.

आपल्या मराठीतही ही परंपरा मुरलेली आहे. ‘मजल दरमजल करीत फौज निघाली’ हे वाक्य आपण बखरींच्या थाटात सहज बोलून जातो. ही ‘मजल’ म्हणजे अरबी ‘मंझिल’, अर्थात उतरण्याची जागा. दिवसभर चालून काफिला जेथे उतरतो ती मंझिल, आणि पुढे त्या दिवसभराच्या चालीलाही तेच नाव मिळाले. घराचा ‘मजला’ही याच घराण्यातला. ‘मुक्काम’ हा शब्दही अरबीच. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी अंतर हे आकड्यांत नव्हते, ते चालीत व विश्रांतीत होते.

खलीफा मामूनचा प्रश्न

आता या लेखाच्या मुख्य कथेकडे येतो. बगदादचा अब्बासी खलीफा मामून (राज्यकाल ८१३ ते ८३३) याच्या काळात ग्रीक ग्रंथांची अरबीत भाषांतरे होत होती. पृथ्वीचा घेर किती, हे जाणण्याची त्याला इच्छा झाली. टॉलेमीच्या ग्रंथात उत्तर तयार होते : पृथ्वीच्या परिघाचा एक अंश म्हणजे ५०० स्टेडिया. तेव्हा मामूनने भाषांतरकारांना विचारले, “स्टेडिया म्हणजे किती?” त्यावर प्रत्येकाने निराळे उत्तर दिले. ही हकीकत त्या काळचा खगोलवेत्ता हबश याच्या हवाल्याने अल्-बिरूनीने नमूद करून ठेवली आहे.

वाचकहो, येथे क्षणभर थांबून विचार करण्यासारखे आहे. टॉलेमीचे नाव त्या काळी विद्येच्या क्षेत्रात प्रमाण मानले जाई. ‘एवढ्या मोठ्या पंडिताने आकडा दिला आहे, तो पाठ करा’ असे म्हणून प्रकरण मिटविता आले असते. शिवाय ग्रीकांमध्येही एकमत नव्हते. टॉलेमीच्या सुमारे चारशे वर्षे आधी एरातोस्थेनिसने पृथ्वीचा घेर २,५२,००० स्टेडिया सांगितला होता, म्हणजे अंशाला ७००. टॉलेमीच्या हिशेबाने तो १,८०,००० होतो. पृथ्वी तर मधल्या काळात आकसली नव्हती! मग माप निराळे, की मोजणी निराळी? ग्रंथ समोर होता, आकडा समोर होता, पण मापाचा अर्थ हरवला होता. आणि अर्थाविना आकडा हे ज्ञान नव्हे, एवढे बगदादच्या त्या मंडळींनी ओळखले.

म्हणून मामूनने माणसे धाडली. आजच्या इराकमधील सिंजारच्या सपाट मैदानात खगोलवेत्ते व कारागीर गेले. एका ठिकाणाहून एक तुकडी सरळ उत्तरेस व दुसरी सरळ दक्षिणेस निघाली. दोऱ्यांनी जमीन मोजीत जावयाचे आणि आकाशातील उंचीत पुरता एक अंशाचा फरक पडला की थांबावयाचे. परत येताना पुन्हा मोजावयाचे, अशी ही रीत होती. उत्तर आले ५६ मैलांहून थोडे अधिक. पुढे ग्रंथांतून ५६ पूर्णांक दोन तृतीयांश हा आकडा रूढ झाला. मैल ४००० हातांचा, आणि हात सुमारे ४९ सेंटीमीटरचा धरला, तर हा अंश १११ किलोमीटरच्या आसपास येतो. आधुनिक मोजणीही अंशाला सुमारे १११ किलोमीटर देते. त्या काळचा हात नेमका केवढा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत; तरी दोऱ्या व खुंट्यांनी साधलेले हे काम थोर होते, यात संशय नाही.

चुकीचा मैल आणि नवे जग

याच पिढीतील खगोलवेत्ता अल्-फरगानी याने हा आकडा आपल्या सोप्या ग्रंथात घेतला व पृथ्वीचा घेर २०,४०० मैल दिला. बाराव्या शतकात त्याचा ग्रंथ लॅटिनमध्ये गेला, आणि युरोपातील विद्यापीठांत ‘अल्फ्रागानुस’ या नावाने तो वाचला जाऊ लागला. पंधराव्या शतकाच्या अखेरीस तो आकडा एका महत्त्वाकांक्षी खलाशाच्या नजरेस पडला. तो खलाशी म्हणजे क्रिस्तोफर कोलंबस.

कोलंबसाला पश्चिमेकडून आशियास पोहोचावयाचे होते. पृथ्वी जितकी लहान तितका मार्ग सोपा. त्याने फरगानीचा ५६ पूर्णांक दोन तृतीयांश मैल हा आकडा मोठ्या समाधानाने स्वीकारला; आपल्या पुस्तकाच्या समासात त्याने त्याविषयी टिपणेही केली आहेत. पण तो मैल अरबी आहे, हे त्याने ध्यानात घेतले नाही. त्याने आपल्या ओळखीचा इटालियन मैल धरला, जो रोमन मैलाएवढा म्हणजे सुमारे दीड किलोमीटरचा होता. हा गुणाकार विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावा. अंशाला १११ किलोमीटरऐवजी सुमारे ८४ किलोमीटर येतात, आणि ४०,००० किलोमीटरची पृथ्वी ३०,००० किलोमीटरची होते. पृथ्वीचा चौथा हिस्सा एका शब्दात नाहीसा झाला!

कोलंबसाची ही एकच चूक नव्हती. आशिया खंड पूर्वेकडे फार लांबवर पसरलेले आहे, असेही त्याने धरले होते. दोन्ही चुका एकाच बाजूला, त्याच्या इच्छेच्या बाजूला झुकल्या. कॅनरी बेटांपासून जपान साडेचार हजार किलोमीटरवर असेल असा त्याचा अंदाज होता. त्याच अक्षांशावरून पश्चिमेकडे जपानपर्यंतचे खरे अंतर वीस हजार किलोमीटरच्या घरात आहे. त्याची योजना तपासणाऱ्या स्पेनमधील पंडितांच्या मंडळाने ती प्रथम नाकारली, ती पृथ्वी सपाट आहे असे समजून नव्हे, तर अंतर फार मोठे आहे म्हणून. आणि अंतराच्या बाबतीत ते पंडितच बरोबर होते. वाटेत अमेरिका आडवी आली नसती, तर १४९२ च्या त्या तीन जहाजांवरील माणसे अन्नपाण्यावाचून समुद्रातच संपली असती.

१२ ऑक्टोबर १४९२ रोजी जमीन दिसली. कोलंबसाने तिला आशियाच्या पूर्वेकडील बेटे मानले आणि तेथील लोकांना ‘इंडियन’ म्हटले. आजही त्या बेटांना आपण ‘वेस्ट इंडीज’ म्हणतो आणि क्रिकेटच्या धावांबरोबर ते नाव मुलांच्या तोंडी असते. चुकीच्या मैलाला चुकीच्या नावाची जोड मिळाली ती अशी.

आपल्या समाजात या कथेचा पूर्वार्ध अभिमानाने सांगितला जातो, आणि तो अभिमान योग्यच आहे. पण उत्तरार्धही तितकाच सांगावयास हवा. मामूनच्या माणसांनी ‘हे माप म्हणजे किती?’ असे विचारले, म्हणून त्यांना पृथ्वी सापडली. त्यांच्याच आकड्याबाबत कोलंबसाने तोच प्रश्न विचारला नाही, म्हणून पृथ्वीचा चौथा हिस्सा त्याच्या हिशेबातून निसटला. पूर्वजांचा आकडा पाठ करणाऱ्याकडे त्यांचा वारसा येत नाही. तो येतो त्यांच्यासारखा प्रश्न विचारणाऱ्याकडे.

बिरूनीच्या नोंदीतील ठाणे

हा प्रश्न विचारण्यात ज्याचा हात धरणारे थोडेच सापडतील, तो विद्वान म्हणजे अबू रैहान अल्-बिरूनी. त्याचा जन्म ९७३ सालचा, ख्वारिज्ममधील. त्याने अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात पंजाबातील नंदना किल्ल्याजवळ निराळ्याच रीतीने पृथ्वी मोजली. आधी डोंगराची उंची काढली. ती सुमारे ६५२ हात भरली. मग माथ्यावरून क्षितिज किती खाली झुकलेले दिसते तो कोन मोजला. तो ३४ कला आला. या दोन आकड्यांवरून त्रिकोणमितीने त्याने पृथ्वीची त्रिज्या काढली. आपले उत्तर मामूनच्या मंडळींच्या उत्तराजवळ येते हे पाहून त्याने त्यांचेच उत्तर ग्राह्य मानले. कारण त्यांची साधने अधिक बारीक होती व त्यांनी अधिक कष्ट घेतले होते, असे तो मोकळेपणाने म्हणतो. स्वतःच्या बुद्धीवर एवढा विश्वास असूनही एवढा विनय, हे खऱ्या विद्वानाचे लक्षण होय.

सुमारे १०३० साली त्याने हिंदुस्थानावरील आपला प्रसिद्ध ग्रंथ ‘किताबुल हिंद’ लिहिला. त्यात मापांवर स्वतंत्र प्रकरण आहे. संस्कृत ‘योजन’ हे ८ मैलांचे, असे तो सांगतो; जुन्या अरबी खगोलग्रंथात हाच शब्द जीम, वाव, नून अशा तीन अक्षरांत ‘जून’ होऊन आला होता, हेही तो दाखवून देतो. हिंदुस्थानातील मार्गांची अंतरे देताना तो आरंभीच बजावतो की, येथे दिलेला फरसख ४ मैलांचा, म्हणजे एका ‘कुरूह’चा आहे. नेहमीचा ३ मैलांचा फरसख धरणाऱ्या वाचकाला त्याने आधीच सावध केले.

या मार्गांत आपला मुलूखही आहे. माळव्यातील धारहून दक्षिणेस नदीच्या खोऱ्यापर्यंत ७ फरसख, तेथून महरट्टदेश १८ फरसख, आणि तेथून समुद्रकिनाऱ्यावरील ठाणे, जी कोकण प्रांताची राजधानी होती, ते २५ फरसख, अशी ती नोंद आहे. एकूण ५० फरसख. आता हिशेब पाहा. ३ मैलांचा फरसख धरला तर सुमारे ३०० किलोमीटर होतात. बिरूनीने सांगितलेला ४ मैलांचा धरला तर सुमारे ४००. प्रत्यक्ष नकाशावर धार ते ठाणे सरळ रेषेतच सुमारे ४५० किलोमीटर आहे. म्हणजे योग्य फरसख धरल्यावर आपण सत्याच्या बरेच जवळ येतो, पण पुरते पोहोचत नाही. बिरूनी स्वतः दक्षिणेत आला नव्हता; प्रवाशांकडून ऐकलेली ही अंतरे होत.

आणखी एक गोष्ट आहे. ‘महरट्टदेश १८ फरसख’ म्हणजे नेमके कोठे? देश हे काही मिनारासारखे एका जागी उभे नसते. त्याची सीमा, की मधले एखादे नगर? अंतराचा आकडा अचूक असला तरी ज्या शब्दापर्यंत ते मोजले, त्या शब्दाचा अर्थ ठाऊक नसेल तर आकडा अधांतरीच राहतो. म्हणून मापांइतकाच भौगोलिक शब्दांचा अर्थही तपासावा लागतो.

दर्या म्हणजे समुद्रच काय?

वर्गात मी मुलांना कधीकधी विचारतो, “आमू दर्या हा कोणता समुद्र?” निम्मे हात वर होतात आणि उत्तरे सुरू होतात. आमू दर्या व सिर दर्या या मध्य आशियातील नद्या आहेत. फारसीत ‘दर्या’ म्हणजे मोठे पाणी. ते नदीचेही असेल, समुद्राचेही असेल. आपल्या किनाऱ्यावर मात्र दर्या म्हणजे समुद्रच. कोळी व खारवी बांधवांना दुसरा अर्थ सुचणारही नाही. अरबीतही ‘बहर’ म्हणजे समुद्र. पण नाईल नदीलाही बहर म्हणतात.

‘जजीरा’ हा शब्दही असाच. अरबीत त्याचा अर्थ बेट. पण अरबस्तानच्या द्वीपकल्पालाही जजीरा म्हणतात, आणि तैग्रिस व युफ्रेटिस या दोन नद्यांमधील उत्तरेकडील प्रदेशालाही. मामूनच्या माणसांनी जेथे जमीन मोजली ते सिंजार याच ‘अल्-जजीरा’ प्रदेशात आहे. बेट समजून ते समुद्रात शोधू गेल्यास जन्मभर सापडणार नाही! हाच शब्द आपल्याकडे ‘जंजिरा’ झाला. मुरुडजवळचा किल्ला त्या नावाने प्रसिद्ध आहेच; पण जुन्या मराठी कागदपत्रांत इतर जलदुर्गांच्या नावामागेही ‘जंजिरे’ असे लिहिलेले आढळते. म्हणजे मराठीने त्या शब्दाला पाण्यातला किल्ला असा स्वतःचा अर्थ दिला.

काही नावे तर भूमीपेक्षा बोलणाऱ्याची जागा सांगतात. ‘मावराउन्नहर’ म्हणजे नदीपलीकडचा मुलूख. पण पलीकडचा कोणासाठी? खुरासानात उभ्या असलेल्या माणसासाठी. ‘मगरिब’ म्हणजे सूर्य मावळतो ती दिशा. बगदाद-दमास्कसहून पाहणाऱ्याला मोरोक्को मावळतीस आहे. आपला ‘दख्खन’ हा ‘दक्षिण’ शब्दाचाच अवतार. पण आपण दक्षिणेस आहोत ते उत्तरेत बसलेल्याच्या दृष्टीने. ‘मध्यपूर्व’ हे नाव युरोपच्या खिडकीतून दिलेले. आपल्याकडे ‘पश्चिम आशिया’ म्हणतात ते अधिक सयुक्तिक. आणि ‘हिंद’ हा शब्द जुन्या अरबी भूगोलग्रंथांत आला की लगेच आजचा भारत डोळ्यांपुढे आणू नये. ते लेखक ‘सिंध’ व ‘हिंद’ असे दोन वेगळे मुलूख मानीत.

रोजच्या व्यवहारातील शब्दही पाहावेत. जिल्हा, तालुका, कसबा, मौजे, इलाखा, सरहद्द हे सारे शब्द आपण सात-बाराच्या उताऱ्यापासून निवडणुकीच्या यादीपर्यंत वापरतो. यांतील ‘जिल्हा’ हा मूळ अरबीत बाजू किंवा बरगडी या अर्थाचा, तर ‘तालुका’ संबंध या अर्थाचा. शब्द येथे आले, रुजले, मराठी झाले आणि त्यांचे अर्थही बदलले. मूळ अर्थ ठाऊक असावा. पण मूळ अर्थ म्हणजेच आजचा अर्थ, असा हट्ट धरू नये.

हा प्रश्न घरातलाही आहे

हा सारा विषय जुन्या पोथ्यांपुरता आहे, असे कोणास वाटेल. पण घरातून प्रवासास निघणाऱ्या माणसापुढेही तो उभा राहतो. प्रवासात नमाज कसर केव्हा करावी, याची मर्यादा जुन्या मापांत सांगितली आहे. हनफी परंपरेत तीन दिवसांची मध्यम चाल हा आधार आहे. शाफई परंपरेत, जी आपल्या कोकणातील बांधवांत चालत आली आहे, दोन मरहला म्हणजे १६ फरसख म्हणजे ४८ मैल हे माप आहे. आता हे ४८ मैल कोणते? इंग्रजी मैल धरले तर सुमारे ७७ किलोमीटर होतात, आणि उपखंडातील अनेक उलेमांनी हाच हिशेब सांगितला आहे. अरबी मैल धरले तर आकडा ८० च्या पुढे जातो. दोन पुस्तकांत दोन आकडे पाहून घरात वाद होतात, आणि कोणीतरी एकजण अडाणी ठरविला जातो. वस्तुतः दोघेही ४८ च म्हणत असतात. फरक मैलाचा असतो. काय आचरावे हे आपापल्या उलेमांना विचारावे, तो इतिहास शिक्षकाचा प्रांत नव्हे. परंतु मतभेद कोठून निर्माण झाला हे कळले, तर वादातील कडवटपणा तरी जाईल.

सर्वांचे माप

अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्येही गावोगाव निरनिराळी मापे होती. तेथील शास्त्रज्ञांनी ठरविले की, माप कोणा राजाच्या हातावर किंवा पावलावर बेतलेले नसावे. ते पृथ्वीवरूनच घ्यावे. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोट्यंश म्हणजे मीटर. त्यासाठी १७९२ ते १७९८ या काळात डंकर्क ते बार्सिलोना ही रेषा मोजली गेली. रीत मुळात तीच, जी सिंजारच्या मैदानात वापरली होती : जमिनीवर अंतर, आकाशात अंश. म्हणूनच पृथ्वीचा घेर जवळजवळ नेमका ४०,००० किलोमीटर येतो. तो योगायोग नव्हे. सागरी मैलही असाच पृथ्वीवरून घेतलेला आहे. अक्षांशाच्या एका कलेएवढा, म्हणजे १८५२ मीटरचा. जहाजावर नोकरी केलेले वडीलधारे कोकणातील कितीतरी घरांत आहेत. मुलांनी त्यांच्यापाशी बसून हा मैल समजून घ्यावा.

आपल्या देशात १९५६ च्या कायद्याने दशमान मापे स्वीकारली गेली आणि गज, मैल, फर्लांग व्यवहारातून हळूहळू गेले. ते योग्यच झाले. सर्वांचे माप एक असल्याने गरिबाची फसवणूक कमी होते. मात्र जुनी मापे व्यवहारातून गेली म्हणून ग्रंथांतून जात नाहीत. आजोबांच्या पेटीतील सनदेत, खरेदीखतात, प्रवासवर्णनात ती आहेत. ती वाचता आली नाहीत तर आपलाच इतिहास आपल्याला परका होईल.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, कोणत्याही जुन्या ग्रंथात अंतराचा आकडा दिसला की तीन गोष्टी विचारा : हे माप कोणाचे? ते कोणत्या काळचे? आणि हे अंतर प्रत्यक्ष मोजलेले, की ऐकीव? गावाचे वा मुलखाचे नाव दिसले की आणखी एक विचारा : हा शब्द लिहिणारा कोठे उभा होता?

पालकांना एकच विनंती आहे. मुलाने घरी एखाद्या साध्या शब्दाचा अर्थ विचारला, तर ‘एवढेही येत नाही?’ असे म्हणू नका. खलीफा मामूनला ‘स्टेडिया म्हणजे किती?’ असे विचारण्याची लाज वाटली नाही. आणि आम्हा शिक्षकांनीही फळ्यावरची नजर काढून मुलाकडे पाहून उत्तर द्यावे; उत्तर येत नसेल तर ‘उद्या पाहून सांगतो’ म्हणावे. तसे म्हटले असते, तर त्या दिवशी माझ्या वर्गात मिनारांवर विनाकारण आळ आला नसता.